करड्या पोपटांची पाठवणी

४ डिसेंबर

कोर्टाचा आदेश हातात आला. गोदामातून जप्त झालेले सगळे आफ्रिकन ग्रे पोपट युगांडाला परत पाठवायचे. तिथल्या जंगलाला लागून असलेलं एक केंद्र घ्यायला तयार आहे. अटी सरळ आहेत. उडता आलं पाहिजे, जंगलातलं खाता आलं पाहिजे, रोग नको, माणसाची ओढ नको. आजच्या घडीला यातलं एकही जमत नाही. व्यापाऱ्याने सगळ्यांचे पंख कापलेत. फांदीवरून पाय सुटला की धपकन खाली.

सरांनी आदेश दोनदा वाचला, चष्मा पुसला. "छान. म्हणजे आता पोपटांना पोपट व्हायला शिकवायचं." आणि चहा मागवला. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या जमिनीवर हे केंद्र काढणारा माणूस. याहून जास्त आनंद ते दाखवत नाहीत.

आजपासून मोठ्या पिंजऱ्यात कोणीही बोलायचं नाही. करडा अंगरखा, तोंड झाकलेलं. मालनबाई लोणीहून येतात, झाडलोट आणि पक्ष्यांचं खाणं त्यांच्याकडे. त्यांना नियम सांगितला तर म्हणाल्या, "मुकी हाय व्हय मी?" दिवसभर माझ्याशीही बोलल्या नाहीत.

९ डिसेंबर

कापलेल्या पिसांची खोडं भूल देऊन काढली; इथली डॉक्टर मीच. आपोआप गळायची वाट पाहिली तर वर्ष जाईल. नवी पिसं यायला दीडदोन महिने. एक मादी भुलीतून उठायला फार वेळ लावत होती. टॉवेलात धरून बसले. मग डोळा उघडला, आणि पहिलं काम म्हणजे माझा अंगठा फोडला. बरं वाटलं.

घरी नवऱ्याने, संदेशने, बँडेज पाहिलं. त्याचं ऑफिस खराडीतच, आमच्या बिल्डिंगपासून चालत. म्हणाला, माझ्या कामात फक्त क्लायंट चावतात.

१२ डिसेंबर

कोकणातल्या एका रोपवाटिकेतून तेलताडाची फळं आली. हेच त्यांचं मूळ खाणं. एकानेही तोंड लावलं नाही. उचलतात, वास घेतात, खाली टाकतात. सूर्यफुलाच्या बिया मात्र मागून मागून खातात. त्यांच्यातले बहुतेक पिंजऱ्यातच अंड्यातून बाहेर आलेले. जंगल म्हणजे काय ते त्यांना कोण सांगणार. मी भंडाऱ्याची, मला तरी कुठे माहीत आहे आफ्रिकेचं जंगल.

१५ डिसेंबर

आज एक कदमकाका आणि काकू रिक्षाने आले, मांडीवर पिंजरा. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. पेपरमध्ये आमच्या पोपटांची बातमी वाचली म्हणाले. पिंजऱ्यात एक ग्रे, वयस्कर, तब्येत उत्तम. वीस वर्षांपूर्वी मुंबईच्या बाजारातून आणलेला. पायातली कडी उघडी, चिमट्याने दाबून बसवलेली. म्हणजे पिल्लू असताना घातलेली नाही. हा पक्षी मोठा झाल्यावर पकडलेला आहे. जंगलातला.

नाव साहेब. का, तर राखी कोट, आणि कोणाचं ऐकत नाही. "कारखान्यात सगळे साहेब माझ्या डोक्यावर होते. म्हटलं घरात एक तरी पिंजऱ्यात असावा." मग म्हणाले, "मी रिटायर झालो. साहेबांना पण करा."

काकू बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांना विचारलं, तुमची संमती आहे ना? "वीस वर्षं माझ्या वाट्या फोडल्या त्याने. मला कोण विचारतंय."

सरांनी नोंदणीचे कागद पाहिले, सही घेतली. साहेबाला महिनाभर वेगळं ठेवायचं, मग इतरांत. काका जाताना म्हणाले, दर रविवारी येईन. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं.

२९ डिसेंबर

तिसरा रविवार. काका आले, साहेबाने लांबूनच ओळखलं. खाली वाकून डोकं पुढे. काकांनी जाळीतून बोट घालून मान खाजवली. अर्धा तास. ते गेल्यावर साहेब जमिनीवर उतरून दाराजवळ बसला. संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही.

आज सांगून टाकलं. काका, तुम्ही यायचं थांबवा. तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी. त्यांना नीट ऐकू येत नाही. कारखान्याने कान नेले, ऐकायचं मशीन आहे पण ड्रॉवरमध्ये. म्हणून हे सगळं मला मोठ्याने, जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. असं वाक्य ओरडून सांगायचं नसतं. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे तुमचं." बस.

१८ जानेवारी

साहेबाची तपासणी स्वच्छ. आज मोठ्या पिंजऱ्यात सोडला. इतर सगळे वरच्या दांडीवर गोळा. हा एकटा खालच्या फांदीवर, पाठ फिरवून. काकांनी त्याचे पंख कधीच कापले नव्हते, पण वीस वर्षं न वापरलेले पंख. दोन फांद्यांमधलं अंतर चालत गेला.

मधेच स्पष्ट मराठीत "आलो, आलो!" मालनबाईंच्या हातातून बादली पडली. सर म्हणाले, तिकडे मराठी शाळा काढेल.

२२ जानेवारी

लिहून ठेवते, नाहीतर उद्या खरं वाटणार नाही. सकाळी तेलताडाचे घोस टांगले. नेहमीप्रमाणे कोणी ढुंकून पाहिलं नाही. साहेब चालत चालत तिथपर्यंत गेला. एक फळ तोडलं, पायात धरलं, गर सोलला, खाल्ला. चाचपडणं नाही. आपल्या घरचा डबा उघडावा तसं. वीस वर्षं हा काकूंच्या हातची पोळी खात होता.

तरणी मादी, माझा अंगठा फोडणारी, सरकत त्याच्याशेजारी आली. त्याच्या पायातलं ओढायला लागली. त्याने ओढू दिलं.

सरांना फोन केला. "घोस जास्त मागवा," म्हणाले.

२ फेब्रुवारी

आता चौघं-पाचजण फळं खातात. साहेब करतो, मग मादी, मग बाकीचे.

आज घार बरीच खाली उतरली, पिंजऱ्याच्या अगदी वरून फिरली. इतरांना पत्ताच नाही. साहेबाने एक कर्कश आवाज काढला, आतापर्यंत न ऐकलेला. सगळे एका झटक्यात पानांच्या आड. शिकवायला मी प्लास्टिकचा ससाणा मागवला होता, तो अजून खोक्यातच आहे.

आईचा फोन. "काय करून राहिली तू सुट्टीच्या दिवशी?" सांगितलं. म्हणाली, एवढं मूलबाळ व्हावं म्हणून केलं असतं तर. संदेशला ऐकू गेलं, तो हसला. मी नाही.

२० फेब्रुवारी

नवी पिसं भरली. आज मादी पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उडाली, मधे न बसता. वळताना जाळीला घासली, पण वळली. तिच्या मागोमाग आणखी तिघं.

साहेब उशिरा. तीनदा पंख उघडले, मिटले. मग सुटला. उडणं म्हणावं की पडता पडता सावरणं, पण पलीकडे पोचला.

मालनबाई आता बोलत नाहीत, पण झाडता झाडता गुणगुणतात. ते बोलण्यात येतं का? नियमात लिहिलेलं नाही. सोडून दिलं.

७ मार्च

सगळ्यांचे रक्ताचे, पिसांचे नमुने गेले होते. रिपोर्ट आले, सगळे निगेटिव्ह. साहेबसुद्धा. परवानगीच्या यादीत त्याचा कडी क्रमांकही बसला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विमान.

आता निघेपर्यंत विलगीकरण. आत एकही नवा पक्षी नाही, आतला एकही बाहेर नाही. जो बाहेर गेला त्याचं सगळं पहिल्यापासून, आणि विमान थांबणार नाही. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं. गेटवर सरांनी स्वतःच्या हस्ताक्षरात आणखी एक पाटी लावली: "आत येण्याचे कारण आधी स्वतःला विचारा."

काकांना फोन केला, काकूंनी उचलून त्यांना दिला, तारीख ओरडून सांगितली. "हो का. बरं झालं." त्यांनी ठेवला की फोन कट झाला, कळलं नाही.

१९ मार्च

काका आले. एकटे, रिकामा पिंजरा घेऊन.

मी बाहेरच थांबवलं. त्यांनी काही प्रस्तावना केली नाही. म्हणाले, पक्षी परत पाहिजे. मी विलगीकरणाचं सांगितलं, विमानाचं सांगितलं. तो बाकीच्यांना शिकवतोय, हे पण सांगितलं. सगळं शांतपणे ऐकलं.

मग बोलले. दारावरची बेल त्यांना ऐकू येत नाही; बारीक आवाज कानांना पोचतच नाहीत, माणसाचा मोठा आवाज पोचतो. इतकी वर्षं बेल वाजली की साहेब "आलो, आलो" ओरडायचा, काकांच्याच आवाजात, आणि मग काका दार उघडायचे. कुकरची शिट्टी, फोन, तसंच. "आता बेल वाजते आणि घरात कोणी बोलत नाही. ही देवळात गेली की मी दाराकडे बघत बसतो."

मशीन लावा ना काका, म्हटलं. "मशीनला माझा आवाज काढता येत नाही."

सरांना बोलावलं. त्यांनी कागद पाहिला. पक्षी जप्त केलेला नाही, खुशीने दिलेला. मागितला तर द्यावा लागेल. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पटवायचं असेल तर पटवा. मी अडवणार नाही. पण जबरदस्ती नाही."

मला पटवता आलं असतं. थोडं रडायचं, थोडं त्या मादीचं सांगायचं, माणूस विरघळला असता. मी जाळं आणायला वळले. काय बरोबर ते मला तरी कुठे पक्कं माहीत होतं?

साहेब जाळ्यात सापडायला वेळ लागला. आता तो उडतो. शेवटी काकांनी बाहेरूनच हाक मारली तेव्हा स्वतः खाली आला आणि जाळीला लटकला. पिंजऱ्यात गेला, काकांच्या बोटाला चोच लावली. ओढ नको अशी अट होती. ओढ पुरेपूर होती.

काका थँक्यू म्हणाले. मी गेट लावलं.

२० मार्च

पिंजऱ्यात दिवसभर हाका. एक लांब शिट्टी, मग थांबणं, मग परत. तरणी मादी सर्वात जास्त. फळं टांगलेली तशीच.

संदेशने विचारलं, चिडलीस का? हो. कोणावर? मी उठून भांडी आवरायला लागले. जेवले नाही, तर त्याने न विचारता ताट झाकून ठेवलं.

२३ मार्च

हाका कमी. मादी आज घोसाजवळ गेली, फळ तोडलं, सोललं. बाकीचे तिच्याकडे बघत. चला.

२७ मार्च

सकाळी गेटवर रिक्षा. काका, काकू, पिंजरा. साहेब आत, पिसं नीट, तब्येत ठीक.

काकूंनीच सांगितलं. घरी गेल्यापासून साहेब खिडकीकडे तोंड करून बसायचा. यांना वाटलं, रुसलाय. गळा हलताना दिसायचा, आवाज काही नाही. यांना वाटलं, आजारी पडला, नरड्याला काहीतरी झालं. शेजारच्या बाईंनी येऊन सांगितलं, अहो तुमचा पोपट दिवसभर शिट्टी मारतो, थांबून ऐकतो, परत मारतो. "मग मी ड्रॉवरमधून मशीन काढून यांच्या कानात घातलं. म्हटलं, ऐका आता."

काका म्हणाले, "मी उत्तर देऊन पाहिलं हो. शिट्टी मारली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत खिडकीकडे केली." मग, "बेल वाजली तर 'आलो' म्हणतो अजून. पण बघत नाही."

मला सांगावंच लागलं. काका, आता तो या विमानाने जाऊ शकत नाही. पहिल्यापासून विलगीकरण, पहिल्यापासून तपासण्या, त्याच्या एकट्यासाठी नवी परवानगी. मिळेल की नाही माहीत नाही. बाकीचे आठवड्यात जातील. त्यांना हे आधीही सांगितलं होतं, पण आता नीट ऐकू आलं. उभे होते ते बाकावर बसले.

"म्हणजे माझ्यामुळे."

काकू म्हणाल्या, "उठा. त्याला उन्हात ठेवू नका." पिंजरा त्यांनीच उचलला आणि आत आणून माझ्या हातात दिला.

मालनबाई पक्ष्यांचं खाणं करतात त्यामागच्या खोलीला जाळी मारून घेतली. मोठ्या पिंजऱ्यापासून जितकं लांब शक्य तितकं. तरी आवाज पोचतो. दुपारी साहेबाने शिट्टी मारली, आणि पलीकडून सगळ्यांनी एकदम उत्तर दिलं. सर हिशेबाच्या टेबलावरून उठून बाहेर आले आणि उभे राहिले. मी आत गेले.

३ एप्रिल

गेले.

पहाटे क्रेटमध्ये भरले, प्रत्येकाचं वजन, कडी, चिप. मादीने या वेळी चावलं नाही, फक्त जोर लावला. व्हॅन मांजरी गावच्या पुलावरून मुंबईकडे. क्रेट बंद झाल्यावर मालनबाई पुढे आल्या, मला म्हणाल्या, आता तर बोलू का? मी हो म्हटलं. प्रत्येक क्रेटला हात लावून काहीतरी पुटपुटल्या. काय ते विचारलं नाही.

मोठा पिंजरा रिकामा. साहेब दिवसभर शिट्टी मारत होता. थांबून ऐकत होता.

१० एप्रिल

तिकडून मेल. सगळे सुखरूप, तिथल्या पिंजऱ्यात. तिथेही विलगीकरण, मग दार उघडणार. फोटोत मागे इतकं हिरवं की पोपट शोधावे लागतात. सरांनी फोटो मोठा करून पाहिला, परत छोटा केला. "ठीक आहे."

साहेबासाठीचा अर्ज आज टाकला. एका पक्ष्यासाठी सगळे तेच कागद. कारण या रकान्यात काय लिहायचं यावर मी आणि सर अर्धा तास. शेवटी सरांनी लिहिलं: "हा पक्षी मुळात तिथलाच आहे."

२४ एप्रिल

साहेब शिट्टी कमी मारतो. हे चांगलं की वाईट, ठरवता येत नाही. खातो, उडतो. खोली लहान, वळायला जागा नाही. विलगीकरण संपलं की मोठ्या पिंजऱ्यात न्यायचा, पण एकटा.

मी मुखवटा लावून जाते, गप्प राहते. तो वरच्या कोपऱ्यात जातो. मला बघून खाली येत नाही. म्हणजे शिकतोय. मला बरं वाटायला हवं.

बुद्धपौर्णिमा

विहारात जाऊन आले, मग केंद्रावर. पक्ष्यांना सुट्टी नाही. येताना मालनबाईंसाठी खीर आणली. त्यांनी खाल्ली आणि म्हणाल्या, गोड कमी हाय.

काका आज आले होते. गेटबाहेरच बसले, आत येऊ का असंही विचारलं नाही. कानात मशीन. मी पाणी नेऊन दिलं. आवाज येतो इथपर्यंत, म्हणाले. मघाशी दोनदा आला.

२६ मे

तिकडे मागच्या आठवड्यात दार उघडलं. व्हिडिओ पाठवलाय. तरणी मादी पहिली. दाराच्या चौकटीवर बसली, बराच वेळ, खाली पाहिलं, वर पाहिलं. मग गेली. झाडांच्या वरून एक वळण घेतलं आणि दिसेनाशी. मागोमाग काहीजण. तिघं-चौघं आतच बसून, दार उघडं असून. त्यांनी लिहिलंय, कोणाला हाकलत नाही, दार उघडंच राहील, खाणं आत मिळत राहील. एकाचा दोन दिवसांपासून पत्ता नाही. घुबडाने नेला की लांब गेला, सांगता येत नाही. कुठला ते त्यांनी लिहिलं नाही. मी विचारणार आहे, पण आज नाही.

व्हिडिओ चार वेळा पाहिला. संदेशनेही पाहिला. त्याने विचारलं, यात यश कोणतं धरायचं? सरांना विचारते म्हटलं.

सर म्हणाले, "पाच वर्षांनी सांगतो."

५ जून

साहेबाची परवानगी आली. खरं वाटलं नाही, दोनदा वाचलं. अट एकच, रक्ताचा ताजा रिपोर्ट. नमुना आज घेतला. या वयाचा पक्षी, एकटा, इतका प्रवास. तिकडचे म्हणतात, आमच्याकडे आत बसून राहिलेले तिघं-चौघं आहेत, त्यांच्यात सोडू. कदाचित यानेच त्यांना बाहेर काढलं तर. कदाचित हाही आतच बसेल. तेही लिहिलंय त्यांनी, प्रामाणिकपणे.

घरी राहिला असता तर सुखी असता का? वीस वर्षं होता. मला याचं उत्तर नको आहे, असं अलीकडे लक्षात आलंय.

संध्याकाळी काका-काकू गेटवर. परवानगीचं सांगितलं. काकू म्हणाल्या, चांगलं झालं, आणि पदराने बाक पुसून बसल्या. काका उभेच. आतून शिट्टी आली. त्यांनी मान वळवली, माझ्याआधी.

मग विचारलं, "डॉक्टर, रिपोर्ट कसा यावा असं वाटतं तुम्हाला?"

निगेटिव्ह, मी म्हटलं. जायला मोकळा.

त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं.

"माझं अजून ठरत नाही," म्हणाले.

रिपोर्ट सोमवारी.